त्या एका ओळीवर मी अकरा महिने अडले होते

प्रार्थनेबद्दल लिहायचं खूप दिवस मनात होतं पण हात उचलत नव्हता. चर्चमध्ये साक्ष देतात ना, मागितलं आणि मिळालं, आजार होता तो बरा झाला, नोकरी नव्हती ती लागली, तसं काही माझ्याकडे नाहीये. मी गुडघ्यांवर बसून जे मागितलं होतं ते मिळालं नाही, पप्पा गेले. हे सगळं त्यांच्या जाण्यानंतरचं आहे, प्रार्थनेतल्या एका ओळीवर माझी जीभ कशी अडली आणि त्या अडण्यानं आतमध्ये काय काय उकरून काढलं त्याचं.

आम्ही इंदूरचे मराठी ख्रिस्ती. आजोबा मूळचे नगरकडचे, म्हणजे आताचं अहिल्यानगर, इथं मिशनच्या दवाखान्यात कंपाउंडर म्हणून आले. कॅनडाच्या मिशनऱ्यांनी १८७७ मध्ये इंदूरला काम सुरू केलं होतं, त्यांना मराठी-हिंदी दोन्ही येणारी माणसं लागायची. आजोबा म्हणायचे, अहिल्याबाई आमच्याकडच्या चौंडीच्या, त्या इकडे आल्या म्हणून आम्ही पण त्यांच्या मागं मागं आलो. आता तिसरी पिढी. बाहेर सगळं हिंदी, भाजीवाल्याशी हिंदी, ऑफिसमध्ये हिंदी, मुलं तर आपसात हिंदीतच भांडतात, चर्चमध्ये उपासना पण हिंदीत. पण घरातली प्रार्थना मराठीत. हा नियम आजीनं घातला होता, ती रेव्हरंड टिळकांचे अभंग म्हणायची आणि म्हणायची की देवाशी बोलायचं तर ज्या भाषेत लहानपणी रडलो त्याच भाषेत बोलावं. त्यामुळे रविवारी आम्ही 'हे हमारे पिता' म्हणतो आणि रोज रात्री साडेनवाला 'हे आमच्या स्वर्गातील पित्या'. दोन्ही इतके तोंडपाठ की अर्थ कधी डोक्यापर्यंत पोचतच नव्हता, खरं सांगते.

फरक कळला तो नंतर. हिंदीत ती ओळ अशी आहे, 'जिस प्रकार हमने अपने अपराधियों को क्षमा किया है, वैसे ही तू भी हमारे अपराधों को क्षमा कर'. मराठीत तीच ओळ, 'जसे आम्ही आपल्या ऋण्यांस ऋण सोडले आहे, तशी तू आमची ऋणे आम्हांस सोड'. हिंदीत अपराध, मराठीत ऋण. पाळकसाहेबांना मी नंतर विचारलं तर ते म्हणाले बायबलमधल्या मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या मूळ ग्रीकमध्ये कर्जाचाच शब्द आहे, देणं, उधारी, मराठी भाषांतरानं तो तसाच ठेवलाय. आणि हिंदीतला अपराध काय, गोल शब्द आहे, त्यात काहीही बसतं. ऋण म्हटलं की रुपये-पैसे दिसतात, तारीख दिसते, घेणाऱ्याचं तोंड दिसतं.

मला माझ्या आतेभावाचं दिसायचं.

आम्ही त्याला दादाच म्हणतो, सख्खा भाऊ मला नाही, लहानपणापासून राखी त्यालाच. आत्या लवकर गेली, मग तो सुट्टीभर आमच्याच सुदामा नगरच्या घरी असायचा, पप्पांच्या स्कूटरवर पुढे तो उभा आणि मागे मी. त्याला फर्निचरचं दुकान टाकायचं होतं, पप्पांनी एफडी मोडून पावणेतीन लाख दिले. २,७५,०००. कागद नाही, सही नाही, भाच्याकडून कोण कागद करून घेतं. वर्षात परत करतो म्हणाला होता. तीन वर्षं झाली. मग पप्पांच्या फुप्फुसाचं निघालं, हॉस्पिटलमध्ये रोजचा आकडा वाढत होता, मी त्याला फोन केला, पहिल्यांदा म्हणाला बघतो, दुसऱ्यांदा म्हणाला दोन दिवस दे, आणि मग फोन बंद. म्हणजे खरंच बंद, स्विच ऑफ. मी आयसीयूच्या बाहेर त्या लोखंडी खुर्चीवर बसून दर दहा मिनिटांनी लावत होते आणि ती बाई सांगत होती की आप जिस नंबर पर कॉल कर रहे हैं. आम्ही माझे दागिने ठेवले, यांनी ऑफिसमधून उचल घेतली, उपचारात काही कमी पडलं नाही, हे पण खरंच आहे. पैशामुळे पप्पा गेले असं कुठलाच डॉक्टर म्हणाला नाही. पण माझ्या मनात ते दोन्ही एकमेकांना शिवले गेले, त्याचा बंद फोन आणि पप्पांचा जाणारा श्वास.

कबरस्तानात तो आला होता. मागे गेटजवळ उभा होता, दाढी वाढलेली. सगळ्यांनी मूठमाती दिली तसा तो पण पुढे आला, वाकला, माती घेतली, आणि मी तोंड फिरवलं. सगळ्यांच्या देखत फिरवलं, कळावं म्हणूनच फिरवलं.

तेराव्या-चौदाव्याचं आमच्यात काही नसतं, पण त्या आठवड्यात रोज कोणी ना कोणी प्रार्थनेला येत होतं. पाहुणे गेल्यावर पहिल्या रात्री आम्ही चौघंच बसलो, आई, हे, धाकटी आणि मी. पप्पांची जागा रिकामी, कॉटच्या कडेला. आईनं सुरू केलं, हे आमच्या स्वर्गातील पित्या, तुझे नाव पवित्र मानले जावो, सगळं नीट चाललं, आमची रोजची भाकर आज आम्हांला दे, आणि त्याच्या पुढच्या ओळीला माझा आवाजच आला नाही. रडू नव्हतं, घसा बसला नव्हता. जीभ टाळूला चिकटल्यासारखी झाली. 'सोडले आहे'. बघा ना, 'सोडू' नाहीये, 'सोडण्याचा प्रयत्न करतोय' नाहीये. झालं आहे असं म्हणायचंय, देवाच्या तोंडावर. आणि मी तर अजून व्याज मोजत होते.

मजा म्हणजे रविवारी हिंदीत ती ओळ मी आरामात म्हणून जायचे. शंभर माणसांच्या आवाजात, अपराध-क्षमा. घरी आले की रात्री परत अडायचे. एक-दोन नाही, अकरा महिने. घरात कोणी काही बोललं नाही पण आईला कळत होतं, ती त्या ओळीपाशी आवाज जरा वाढवायची, माझा नसलेला आवाज भरून काढायला.

त्या काळात छातीत डाव्या बाजूला सतत काहीतरी आवळल्यासारखं वाटायचं. ईसीजी काढला, नॉर्मल. जबडा दुखायचा, डेंटिस्टनं विचारलं रात्री दात खाता का, मी म्हटलं असेल. झोप तीनला उघडायची आणि डोक्यात दादाशी भांडण सुरू, मी काय बोलणार, तो काय बोलणार, मी त्याला कसं गप्प करणार. पूर्ण डायलॉग. सकाळी कचऱ्याच्या गाडीचं गाणं वाजायला लागलं की कळायचं उजाडलं.

आमच्या स्वयंपाकघरात ओटा आणि फ्रिज यांच्या मधे एक फूट-दीड फुटाची जागा आहे, तिथं कणकेचा डबा असतो, मोठा, स्टीलचा. तीन वाजता उठले की मी तिथं जाऊन जमिनीवर बसायचे, पाठ फ्रिजला, हात डब्यावर. डबा थंडगार. फ्रिजचा कॉम्प्रेसर पाठीत घुरघुरायचा. मत्तयातच आहे, आपल्या खोलीत जा, दार लावून घे आणि पित्याची प्रार्थना कर. आमच्या टू बीएचकेमध्ये दार लावून घेण्यासारखी तेवढीच जागा.

प्रार्थना म्हणजे काय करायचे तर सुरुवातीला शिव्याच. मी बायबलमधली स्तोत्रसंहिता काढली, १५० स्तोत्रं, त्यातली किती तरी नुसत्या तक्रारीची आहेत हे लहानपणापासून संडे स्कूलमध्ये कोणी सांगितलंच नव्हतं, आम्हाला तेविसावं पाठ करायला लावायचे, हिरवी कुरणं आणि संथ पाणी. मी १०९ वं शोधून काढलं. त्यात शत्रूला काय काय शाप आहेत, त्याचे दिवस थोडे होवोत, सावकार त्याचं सगळं गिळून टाको. ते मी मोठ्यांदा वाचायचे, म्हणजे फ्रिजच्या आवाजाइतक्या मोठ्यांदा. आणि विश्वास ठेवा, बरं वाटायचं. हे पवित्र पुस्तकात कसं काय ठेवलं असेल याचा मी बराच विचार केला. मला वाटतं ते यासाठी आहे की माणूस हे कुठंतरी बोलणारच, मग दादाच्या दारात जाऊन बोलण्यापेक्षा देवाच्या दारात बोललेलं बरं. तिथं कुणाचं काही मोडत नाही.

पण पंधरा-वीस दिवसांनी एका रात्री ते वाचताना मला दादाचं खरं तोंड दिसलं, कबरस्तानातलं, वाढलेली दाढी. सावकार त्याचं सगळं गिळून टाको हे मी म्हणत होते आणि मला दिसलं की ते झालेलंच आहे. दुकान बंद झाल्याचं कानावर आलं होतं. त्याच्या मागे खरंच माणसं लागली होती म्हणून फोन बंद होता. मला हे माहीत होतं, आधीपासून माहीत होतं, पण मी ते मनात बसू दिलं नव्हतं. त्या रात्री पुढचं वाचता आलं नाही.

हन्नाची गोष्ट आहे ना शमुवेलाच्या पहिल्या पुस्तकात, ती मंदिरात मनातल्या मनात बोलत होती, नुसते ओठ हलत होते, आणि एली याजकाला वाटलं की बाई प्यायलीय. ती म्हणते, नाही महाराज, मी माझं हृदय परमेश्वरापुढं मोकळं करून राहिलेय. 'राहिलेय' मी घातलं, आमची इंदुरी मराठी. तर धाकटीनं एकदा मला तिथं पकडलं. पाणी प्यायला उठली होती, बघते तर आई अंधारात डब्याला धरून पुटपुटतेय. "मम्मी काय करून राहिलीस तू?" मी म्हटलं प्रार्थना. ती म्हणाली "इथं?" आणि माझ्या शेजारी येऊन बसली, डोकं खांद्यावर टाकून तिथंच झोपून गेली. सातवीत होती तेव्हा. तो अर्धा तास माझा सगळ्यात चांगला गेला, एक शब्द न बोलता.

आता अजून एक सांगायचंय. इंदूरच्या लोकांना सिस्टर राणी मारियांचं माहीत असेल. केरळच्या, उदयनगरच्या बाजूला आदिवासींमध्ये काम करायच्या, सावकारांच्या विळख्यातून लोकांना सोडवायच्या, २५ फेब्रुवारी १९९५ ला इंदूरकडे येणाऱ्या बसमध्ये त्यांना चाकूनं मारलं. २०१७ च्या नोव्हेंबरमध्ये त्यांना धन्य, म्हणजे संतपदाच्या आधीची पायरी, घोषित केलं तो सोहळा इथं इंदूरलाच झाला, आम्ही कॅथलिक नाही पण त्या दिवशी शहरभर कौतुक होतं. त्यांची सख्खी धाकटी बहीण, सिस्टर सेल्मी पॉल, २००२ मध्ये तुरुंगात गेल्या आणि मारणाऱ्या माणसाला राखी बांधून आल्या. पुढे २००६ मध्ये तो सुटला.

मी ही गोष्ट दहा वेळा ऐकली होती, आम्ही ती ऐकून माना पण हलवल्या होत्या, केवढं मोठं मन वगैरे. त्या वर्षी राखीच्या दिवसांत छप्पन दुकानला, आमच्या इथल्या खाण्याच्या बाजारात, गेले होते, दुकानांसमोर राख्यांचे स्टॉल लागलेले, आणि मला एकदम आकडा लागला. १९९५ ते २००२. सात वर्षं. त्या नन होत्या, दिवसातून पाच-सात वेळा प्रार्थना करणाऱ्या, तरी मधे सात वर्षं गेलीच. त्या सात वर्षांबद्दल कोणी बोलत नाही. मला त्या आकड्यानं इतका धीर दिला, की माझे दहा-अकरा महिने म्हणजे मी काही वाया गेलेली ख्रिस्ती नाही. राखी मात्र मी घेतली नाही. हातात घेऊन परत ठेवली.

तोपर्यंत तीन वाजताच्या प्रार्थनेतले शब्द संपले होते. शिव्या संपल्या, तक्रार संपली, मागणं पण संपलं. नुसती बसायचे. बायबलमधल्या रोमकरांस पत्रात प्रेषित पौल म्हणतो की प्रार्थना कशी करावी ते आपल्याला कळत नाही तेव्हा आत्मा आपल्यासाठी शब्दांवाचून कण्हतो, तर मी म्हणायचे, बाबा तूच कण्ह, मी दमले. आणि गंमत अशी की त्या नुसत्या बसण्यात काहीतरी सैल व्हायला लागलं. साबुदाणा कसा भिजत घातला की रात्री कडक असतो आणि सकाळी बोटानं दाबला तर दबतो, मधे कधी मऊ झाला ते दिसत नाही, तसं. एके दिवशी लक्षात आलं की जबडा दुखत नाहीये. मग लक्षात आलं की तीनऐवजी साडेपाचला उठलेय.

आणि सैल झाल्यावर खालचं वर आलं. ते मी कुणालाच सांगितलं नव्हतं, यांना पण नाही.

पप्पा जायच्या आदल्या दिवशी संध्याकाळी मला आत सोडलं होतं पाच मिनिटं. तोंडावर मास्क, त्यांनी हातानं खूण केली, मी कान जवळ नेला. ते म्हणाले, "त्याचं दुकान चालतंय का गं?" बाकी काही नाही. माझ्याबद्दल नाही, आईबद्दल नाही. माझ्या अंगाचा तिळपापड झाला, मी म्हटलं हो चालतंय पप्पा, आणि मनात म्हटलं, हे त्याला कधीच कळू देणार नाही. हा शेवटचा शब्द त्याच्या वाट्याचा होता आणि मी तो ठेवून घेतला. त्याला कळलं असतं तर त्याला बरं वाटलं असतं, आणि त्याला बरं वाटायला नको होतं मला. अकरा महिने मी त्याचं देणं मोजत होते आणि त्याचं एक देणं माझ्याकडे होतं.

'तशी तू आमची ऋणे आम्हांस सोड'. ओळीचा हा अर्धा भाग तर मी कधी ऐकलाच नव्हता, पहिल्या अर्ध्यातच अडलेली.

मी आधी यांच्याशी बोलले. हे म्हणाले, माफ करायचं तर कर, पण पैसे का सोडायचे, पैसे वेगळे आणि मन वेगळं. बरोबर आहे त्यांचं. पाळकसाहेब पण असंच म्हणाले की क्षमा म्हणजे हक्क सोडणं असं नेहमीच नसतं, मागायचं असेल तर शांत मनानं मागता येतं. कुणावर अन्याय झाला असेल तर त्यानं मागावंच, मी तेच म्हणेन. पण माझ्या बाबतीत मला ठाऊक होतं, मी पैसे मागत राहिले तर वही उघडीच राहणार, आणि ती वही मला तीनला उठवणार. आईला विचारलं, पैसे शेवटी तिचेच. ती भाजी निवडत होती, मेथी. मान वर न करता म्हणाली, "तुझे पप्पा असते तर त्यांनी केव्हाच सोडले असते." मग म्हणाली, "त्यांनी सोडलेच होते गं. तू धरून बसलीस."

फोन मंगळवारी दुपारी केला, लंच टाइममध्ये, ऑफिसच्या जिन्यात उभं राहून. उचलला त्यानं. मी पाठ केलेलं सगळं विसरले, एवढंच म्हटलं, दादा, ते पैसे राहू दे आता. पलीकडून काहीच नाही. मला वाटलं फोन कटला. मग म्हणाला, "मामा काही म्हणाले होते का गं शेवटी?"

मी सांगितलं. दुकानाचं विचारत होते.

तो रडला, मोठ्या माणसासारखा नाही, सुट्टी संपल्यावर आमच्या घरून जाताना रडायचा तसा. मी म्हटलं, मी सांगितलं नाही तुला, अकरा महिने मुद्दाम सांगितलं नाही, मला माफ कर. तो म्हणाला, अगं मी फोन बंद करून बसलो होतो, तू कुठं सांगणार होतीस. आम्ही दोघं असे बराच वेळ एकमेकांचं अंगावर घेत राहिलो, जिन्यातून ऑफिसची माणसं जात-येत होती, कोणी पाण्याची बाटली आणून दिली.

पौलाच्या फिलिप्पैकरांस पत्रात आहे की देवाची शांती तुमची अंतःकरणं राखील. राखील, हा शब्द मला फार आवडतो. आजोबा सांगायचे, गावाकडे ज्वारी निसवली की शेताला राखण लागते, माळ्यावर कोणीतरी रात्रंदिवस बसायचं, पाखरं येतातच, येणं थांबत नाही, राखणदार फक्त त्यांना बसू देत नाही. माझ्याकडे पण येतात अजून. मागच्या महिन्यात दागिने सोडवले तेव्हा सोनाराच्या दुकानात बसल्या बसल्या सगळं परत आलं, छातीत तेच आवळलं. सगळं कायमचं धुऊन निघालं असं मी म्हणणार नाही, निघालेलं नाही. मी काउंटरला हात टेकवून मनातल्या मनात ती ओळ म्हटली, दोनदा, आणि पावतीवर सही केली.

दादा आता एका मॉड्युलर किचनवाल्याकडे नोकरी करतो. पैसे परत करायचा विषय त्यानं दोनदा काढला, मी दोन्हीदा चहा टाकायला उठले. गेल्या रविवारी चर्चनंतर आला होता, येताना पोहे-जलेबी बांधून आणली, वर भुरभुरायचा जीरावन मसाला जास्तीचा मागून घेतलेला, पप्पांना लागायचं तसं. दुपारभर बसला, आईचा नळ दुरुस्त केला, रात्री जेवून निघणार तर साडेनऊ झाले. आई म्हणाली बस पाच मिनिटं. तो कॉटच्या कडेला बसला, पप्पांच्या जागी, त्याला माहीत नसावं. आम्ही डोळे मिटले. ती ओळ आली आणि मला माझा आवाज ऐकू आला नाही, कारण तो माझ्यापेक्षा मोठ्यांदा म्हणत होता.